रेल्वेची रिटायरिंग रूम: मुंबईत एका रात्रीच्या मुक्कामासाठी पात्रता, कागदपत्रे आणि आरक्षणाची पद्धत

परीक्षा, मुलाखत, उच्च न्यायालयातील तारीख, मंत्रालयातले काम किंवा रुग्णालयातली एखादी तपासणी, अशा एका दिवसाच्या कामासाठी सोलापूर, लातूर, नांदेड, कोल्हापूर, जळगावकडून मुंबईत येणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो उतरायचे कुठे, हा. नातेवाईक असले तरी ते बदलापूर-विरारला राहतात आणि काम असते फोर्टात. स्थानकासमोरच्या लॉजमध्ये पूर्ण दिवसाचे भाडे मोजावे लागते. पहाटे साडेसहाला गाडीतून उतरलेल्या माणसाला खोली द्यायची की दुपारी बारापर्यंत थांबवायचे, हे तेथील व्यवस्थापकाच्या मर्जीवर ठरते. अशा वेळी स्थानकाच्या इमारतीत रेल्वेने प्रवाशांसाठीच ठेवलेली रिटायरिंग रूम हा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित पर्यायांपैकी एक असतो. तरीही तिची पद्धत नीट ठाऊक नसल्यामुळे पात्र असलेले अनेक प्रवासी तिच्यापासून वंचित राहतात, म्हणून ती येथे सविस्तर मांडली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. रिटायरिंग रूम म्हणजे कोणीही पैसे भरून घ्यावी अशी हॉटेलची खोली नव्हे. ती रेल्वेच्या प्रवाशासाठी असते आणि तिच्यावरचा तुमचा हक्क तुमच्या तिकिटातून निर्माण होतो. त्यामुळे खोलीची तयारी तिकीट काढतानाच सुरू करावी लागते. तिकीट चुकीच्या स्थानकापर्यंतचे असेल, तर नंतर कितीही खटपट केली तरी हवी ती खोली मिळत नाही.

पात्रता

ऑनलाइन आरक्षणासाठी आरक्षित तिकिटाचा दहा अंकी पीएनआर क्रमांक लागतो. तिकीट मोबाइलवरून काढलेले असो की आरक्षण खिडकीवरून, पीएनआर दोन्हींवर असतो. त्या तिकिटाची स्थिती कन्फर्म किंवा आरएसी (प्रवास करता येतो, पण बसण्यापुरतीच जागा पक्की असते) असली पाहिजे. पूर्ण वेटिंगमध्ये असलेल्या पीएनआरवर खोली मिळत नाही आणि त्यामागचे कारणही योग्य आहे. वेटिंगमध्ये राहिलेले ई-तिकीट चार्ट तयार झाल्यावर आपोआप रद्द होते, म्हणजे त्या तिकिटावर प्रवास होणारच नसतो. साध्या, म्हणजे जनरल डब्याच्या तिकिटावर पीएनआर नसतो, त्यामुळे ऑनलाइन मार्ग त्या प्रवाशाला बंद असतो. त्याने स्थानकावर उतरल्यानंतर रिटायरिंग रूमच्या काउंटरवर खोली रिकामी आहे का, याची चौकशी करावी. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा असणाऱ्याने या भरवशावर निघू नये.

आता सर्वांत महत्त्वाची अट. एका पीएनआरवर खोली मिळते ती दोनच स्थानकांवर: जिथून तुमचे तिकीट सुरू होते तिथे, आणि जिथे ते संपते तिथे. वाटेतले स्थानक, मग गाडी तिथे कितीही वेळ थांबत असली तरी, चालत नाही.

मुंबईला येणाऱ्या मराठी प्रवाशाची गल्लत नेमकी इथे होते. आपल्याला दादरला उतरायची सवय असते. पुढे लोकल पकडायला सोपे जाते, म्हणून आपण तिकीटही दादरपर्यंतचेच काढतो. आमच्या शेजारच्या मुलीची दक्षिण मुंबईत परीक्षा होती. घरच्यांनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे सोलापूर ते दादर असे कन्फर्म तिकीट काढले आणि नंतर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरची (सीएसएमटी) खोली घेण्यासाठी मी त्यांच्याबरोबर बसलो. पीएनआर टाकल्यावर पडद्यावर दोनच नावे आली: सोलापूर आणि दादर. सीएसएमटीचे नाव यादीत नव्हते आणि येणारही नव्हते. तीच गाडी पुढे सीएसएमटीपर्यंत जाते, पण तिकीट दादरला संपत होते. शेवटी तिच्या परतीच्या तिकिटाने प्रश्न सोडवला. ते सुदैवाने सीएसएमटीपासून काढलेले होते. त्या पीएनआरचे आरंभस्थानक सीएसएमटी असल्यामुळे त्यावर दिवसभरासाठी खोली घेता आली.

म्हणून ज्या स्थानकावर मुक्काम करायचा आहे, त्याच स्थानकापर्यंतचे तिकीट काढावे. जाण्याचे आणि येण्याचे असे दोन वेगळे पीएनआर असतील, तर मुक्कामाचे शहर एका तिकिटाचे गंतव्य आणि दुसऱ्याचे आरंभस्थानक ठरते, आणि जाण्याचे तिकीट वेटिंगमध्ये अडकले तरी परतीचे कन्फर्म तिकीट उपयोगी पडू शकते. ही सोय फार थोड्या लोकांच्या लक्षात येते.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली आहे. खोलीसाठी आधी पीएनआर लागत असल्याने खोलीचे नियोजनही साहजिकच त्या मुदतीच्या आत येते. मुंबईसारख्या स्थानकावर खोल्या मोजक्या आणि मागणी मोठी, म्हणून तिकीट कन्फर्म झाले त्याच दिवशी खोलीचेही पाहून घ्यावे.

कागदपत्रे

कागदपत्रे थोडीच लागतात, पण त्यांत तफावत चालत नाही. प्रवासाचे तिकीट छापील किंवा मोबाइलवर, खोलीच्या आरक्षणाची पावती आणि छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र, इतके सोबत असावे. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पॅन कार्ड, पासपोर्ट यांपैकी कोणतेही एक चालते. आरक्षण करताना ज्या ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक भरला असेल, तेच ओळखपत्र हातात असणे आवश्यक आहे. अर्जात वडिलांनी आपल्या आधारचा क्रमांक भरला आणि मुक्कामाला मुलगा एकटाच पॅन कार्ड घेऊन आला, तर काउंटरवरचा कर्मचारी नोंद कशाशी जुळवणार? खोलीत राहणाऱ्या व्यक्तीचे नाव त्या पीएनआरवरच्या प्रवाशांमध्ये असले पाहिजे. गावाहून आलेल्या प्रवाशाच्या खोलीवर मुंबईतला मित्र झोपायला आला, तर त्याला परवानगी मिळत नाही. नुसत्या झेरॉक्सवर किंवा मोबाइलमधल्या छायाचित्रावर विसंबू नये, मूळ कार्डच जवळ ठेवावे.

अर्जाची पद्धत

आरक्षण आयआरसीटीसी या रेल्वेच्या तिकीट व पर्यटन कंपनीच्या पर्यटन संकेतस्थळावरील रिटायरिंग रूम या विभागातून होते. तिकिटासाठी वापरत असलेल्या आयआरसीटीसी खात्यानेच तेथे प्रवेश करावा, म्हणजे पावत्या एका जागी राहतात. पीएनआर टाकल्यावर आरंभ आणि गंतव्य यांपैकी स्थानक निवडावे लागते. त्यानंतर खोलीत प्रवेश करण्याची व ती सोडण्याची तारीख आणि वेळ, खोलीचा प्रकार, ओळखपत्राचा तपशील आणि शेवटी पैसे भरणे, असा क्रम येतो. पैसे भरल्यावर आरक्षणाची पावती मिळते. तीवर स्थानकाचे नाव, तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, हे त्याच क्षणी वाचून पाहावे.

यात घाई करू नये अशी जागा एकच, ती म्हणजे वेळ. काही स्थानकांवर खोली तासांच्या हिशेबाने मिळते, बाकी ठिकाणी १२ किंवा २४ तासांच्या टप्प्यांत मिळते आणि कमाल मर्यादा ४८ तासांची असते. मुक्कामाची वेळ तुम्ही निवडलेल्या तासापासून मोजली जाते. तुमची गाडी केव्हा पोहोचली याच्याशी त्या मोजणीचा संबंध नसतो. गाडी वेळापत्रकाप्रमाणे पहाटे पोहोचणार म्हणून अगदी तोच तास निवडला आणि कसारा किंवा कर्जत घाटात गाडी दोन तास रखडली, तर ते दोन तास तुमच्याच भाड्यातून जातात. लांबच्या गाडीने येणाऱ्याने पोहोचण्याच्या वेळेनंतर थोडे अंतर ठेवूनच सुरुवात धरावी. उलट तारखेची चूक अधिक महागात पडते. रात्री निघून सकाळी पोहोचणाऱ्या गाडीच्या तिकिटावर निघण्याची तारीख ठळक असते आणि खोली मात्र दुसऱ्या दिवसाची हवी असते, हे अर्ज भरताना कागदावर लिहून समोर ठेवावे.

प्रकारांविषयी थोडक्यात. वातानुकूलित आणि साध्या अशा दोन्ही खोल्या असतात, एका किंवा दोन खाटांच्या असतात, आणि मोठ्या स्थानकांवर डॉर्मिटरीही असते. डॉर्मिटरीत खोलीऐवजी एका खाटेचे भाडे द्यावे लागते, म्हणून एकट्या प्रवाशाला तीच सर्वांत स्वस्त पडते. सामान मात्र कुलूप आणि साखळीने खाटेला बांधून ठेवावे. काही स्थानकांवर डॉर्मिटरी फक्त पुरुषांसाठी असते, त्यामुळे महिला प्रवाशांनी हा तपशील पाहिल्याखेरीज पैसे भरू नयेत. भाडे प्रत्येक स्थानकावर वेगळे असते आणि ते आरक्षणाच्या पडद्यावर आधीच दिसते. कराबाबतही दिलासा मिळालेला आहे. जीएसटी परिषदेच्या जून २०२४ मधील ५३व्या बैठकीच्या शिफारशीनुसार रेल्वेकडून जनतेला मिळणारी रिटायरिंग रूम, वेटिंग रूम, क्लोकरूम आणि प्लॅटफॉर्म तिकीट या सेवा १५ जुलै २०२४ पासून जीएसटीतून वगळण्यात आल्या आहेत. मात्र जिथे खोल्या खासगी चालकाकडे दिलेल्या असतात, तिथे पावतीवर कर लागलेला दिसू शकतो.

आरक्षण रद्द करण्याची वेळ आलीच, तर ते लवकर करावे, कारण मुक्कामाची तारीख जवळ येत जाते तशी कपात वाढते. रेल्वेचे तिकीट रद्द केले म्हणजे खोलीचे आरक्षणही आपोआप रद्द झाले, असे गृहीत धरू नये. दोन्ही व्यवहार स्वतंत्रपणे तपासावेत. प्रत्येक वेळी लागणारी कपात रद्द करण्याच्या पानावर दाखवली जाते, ती वाचूनच पुढे जावे.

एक सावधगिरीही येथे सांगणे गरजेचे आहे. रिटायरिंग रूम असा शोध घेतल्यावर अनेक दलालांची पाने समोर येतात. त्यांतली काही तर हुबेहूब सरकारी वाटतात. फोनवर ओटीपी मागणाऱ्या किंवा वैयक्तिक यूपीआय खात्यावर पैसे पाठवायला सांगणाऱ्या कोणालाही पीएनआर देऊ नये. शंका असल्यास रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर विचारावे, आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

स्थानकावर पोहोचल्यानंतर

फलकावर ‘रिटायरिंग रूम’ किंवा ‘विश्रामालय’ असे लिहिलेले असते. सापडले नाही, तर उगाच हमालाला किंवा बाहेरच्या टॅक्सीवाल्याला न विचारता चौकशी खिडकीवर किंवा उपस्टेशन व्यवस्थापकाच्या कार्यालयात विचारावे. बाहेर विचारणाऱ्याला ‘तिथे खोली नाही, माझ्याबरोबर चला’ म्हणणारा कोणीतरी हमखास भेटतो. काउंटरवरचा कर्मचारी पावती आणि ओळखपत्र पाहतो, पीएनआर तपासतो, रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, गाडीचा क्रमांक आणि आल्याची वेळ लिहून सही घेतो, आणि मग किल्ली देतो. ती आल्याची वेळ आपल्यासमोर बरोबर लिहिली जाते ना, हे पाहावे, कारण खोली सोडताना वाद झाला तर तीच नोंद आधाराला येते. खोलीत गेल्यावर पंखा, नळ, दाराची आतली कडी आणि चादरी तपासून काही उणे असल्यास लगेच सांगावे.

ही खोली फलाटाजवळ असते. उद्घोषणा, गाड्यांचे भोंगे आणि सामानाच्या हातगाड्यांचा आवाज पहाटेपर्यंत येत राहतो. झोप हलकी असणाऱ्याने, विशेषतः दुसऱ्या दिवशी पेपर असणाऱ्याने, याचा विचार आधी करावा. माझ्या मते तीन-चार तास पाठ टेकून, आंघोळ करून, स्वच्छ कपड्यांत कामाला निघायचे असेल तर या खोलीला तोड नाही. सलग दोन रात्री शांत झोप हवी असेल, तर दुसरी व्यवस्था पाहिलेली बरी.

खोली मिळालीच नाही तर

ज्यांना फक्त काही तास काढायचे आहेत, त्यांना वैध तिकिटावर वेटिंग रूम आणि क्लोकरूम यांवर भागवता येते. क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून घरूनच लहान कुलूप आणावे आणि सामानाची पावती तिकिटाबरोबर जपावी. मुंबई सेंट्रल स्थानकावर नोव्हेंबर २०२१ मध्ये ४८ कप्प्यांचे पॉड हॉटेल सुरू झाले. सुरुवातीचा दर १२ तासांना ९९९ रुपये होता, म्हणजे डॉर्मिटरीपेक्षा ते बरेच महाग, पण एकट्या प्रवाशाला खासगी जागा देणारे आहे.

उपचारांसाठी येणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. कर्करोगाच्या रुग्णाला टाटा स्मारक रुग्णालयात दोन-तीन आठवडे ये-जा करावी लागते आणि ४८ तासांची खोली त्याच्या उपयोगाची नाही. अशा कुटुंबाने रिटायरिंग रूमच्या मागे न लागता रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे निवासाची अडचण पहिल्याच भेटीत मांडावी आणि दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या, बाहेरगावच्या रुग्णांसाठीच चालणाऱ्या संस्थांची चौकशी करावी. तेथे जाताना रुग्णालयाचे केसपेपर, नोंदणीची फाइल आणि रुग्णाचे व सोबत्याचे ओळखपत्र यांच्या मूळ प्रती व झेरॉक्स एकाच पिशवीत ठेवाव्यात.