तोंडचे पाणी पळते तेव्हा

दहावीच्या पेपरच्या सकाळी अनेक घरांत एक संवाद ठरलेला असतो. मुलगी म्हणते, "आई, पोटात दुखतंय गं." आई म्हणते, "काही होत नाही, दही-साखर खा आणि नीघ." मुलीने बहाणा केलेला नसतो; तिचे पोट खरोखरच दुखत असते.

मराठीने हे शरीरशास्त्र वाक्प्रचारांत केव्हाच नोंदवून ठेवले आहे. छातीत धडधडणे, हातपाय गार पडणे, पोटात गोळा येणे, तोंडचे पाणी पळणे, ही सगळी एकाच घटनेची वर्णने आहेत. मेंदूतील अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाने धोक्याची नोंद घेतली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींपर्यंत चेतातंतूंमार्फत निरोप जातो आणि काही सेकंदांत अॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात उतरते. हृदय वेगाने धडधडू लागते, त्वचेकडचे आणि आतड्यांकडचे रक्त स्नायूंकडे वळते, म्हणून तळहात गार पडतात आणि पचन मंदावते. लाळ कमी होऊन घट्ट होते. समोर वाघ असता तर ही व्यवस्था उत्तम होती, पण समोर बीजगणिताचा पेपर असतो आणि पळायचे कुठेच नसते.

दुसरी साखळी संथ आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग आणि त्याखालची पीयूषिका ग्रंथी यांच्यामार्फत अॅड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते आणि ताणाचा प्रसंग सुरू झाल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांनी त्याची पातळी सर्वाधिक होते. एरवी कॉर्टिसॉल पहाटे वाढते व रात्री उतरते. पेपर संपला, मैत्रिणींशी उत्तरे ताडून झाली, की तेही ओसरते. एवढा ताण अपायकारक नसतो. थोडा ताण कामगिरी सुधारतो हे सांगण्यासाठी यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या 1908 मधील प्रयोगाचा हवाला हमखास दिला जातो. मात्र तो प्रयोग उंदरांवर, विजेच्या कमी-अधिक तीव्रतेच्या झटक्यांचा होता, हे सांगायला बहुतेक वक्ते विसरतात.

त्रास होतो तो न ओसरणाऱ्या ताणाचा, आणि तो ओसरण्यासाठी झोप लागते. किशोरवयात मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला दहा वाजता झोप न येणे हा केवळ मोबाइलचा दोष नसतो, जरी मोबाइल त्यात भर घालत असला तरी. या वयात आठ ते दहा तास झोप हवी. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. जीवशास्त्राच्या हिशेबाने त्याची सर्वाधिक गरज असलेली आठवी ते दहावीची मुले मात्र त्याबाहेर राहिली.

ताण आणि आजार यांतली सीमा कशी ओळखायची? किशोरवयीन नैराश्यात रडू येण्याऐवजी चिडचिड पुढे येऊ शकते, आणि इथेच घरचे फसतात. "वयच तसं आहे" या वाक्याखाली बरेच काही झाकले जाते. ढोल-ताशा पथकाची सरावाची वेळ कधी न चुकवणारा मुलगा पथकात जाणेच बंद करतो, जेवण-झोप बिघडते, मित्रांचे फोन उचलत नाही, आणि हे सलग दोन आठवडे चालते, तेव्हा वयाला बोल लावणे थांबवावे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातील सुमारे 7 टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार.

उपचार म्हणजे गोळ्याच, हा समज चुकीचा आहे. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या सीबीटी या पद्धतीत मानसशास्त्रज्ञ मुलांना वहीत रकाने आखायला लावतात. प्रसंग: गणिताच्या चाचणीत 20 पैकी 9. मनात आलेला विचार: 'माझं काहीच होणार नाही.' भीती: दहापैकी आठ. पुढच्या रकान्यात पुरावा लिहायचा: मागच्या वेळी 14 होते, या वेळी भूमितीचे प्रश्न सोडून दिले. शेवटच्या रकान्यात विचार पुन्हा लिहायचा: 'भूमितीची दोन प्रकरणं कच्ची आहेत.' याला उगाच 'सकारात्मक विचार' म्हणू नये. ही पुराव्याची तपासणी आहे, आणि सरावाने ती जमते.

औषधांची गरज पडली तर ती मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर देतात. फ्लुऑक्सेटिनसारखी नैराश्यावरील औषधे म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला मात्र काही आठवडे लागतात. काही मुलांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2004 मध्ये दिला. म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत बारीक लक्ष ठेवायचे आणि औषध आपल्या मनाने बंद करायचे नाही.

तज्ज्ञ तर तालुक्याच्या गावी सहसा नसतातच. गोव्यातील संगत या संस्थेच्या संशोधकांनी दिल्लीतील सरकारी शाळांत वेगळा मार्ग तपासला: तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी मुलांना अडचण नेमकी मांडणे, पर्याय शोधणे आणि एक करून पाहणे शिकवले. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता सहा आठवड्यांत कमी झाली. लक्षणांच्या मोजणीत तेवढ्या काळात ठळक फरक दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केले.

मूल 'जगण्यात अर्थ नाही' असे म्हणाले, तर जीव द्यावासा वाटतो का, हे त्याला शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते. तिथे मराठीत बोलता येते, आणि फोन मुलानेच करायला हवा असे नाही. आईवडीलही करू शकतात.