डूडी नोबल फील्ड: कुंपणाबाहेरच्यांनी घडवलेलं मैदान

अमेरिकेत मिसिसिपी राज्यातलं स्टार्कव्हिल हे सुमारे २५ हजार वस्तीचं गाव. तिथल्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचं हे बेसबॉल मैदान १९६७मध्ये सुरू झालं. डूडी नोबल हे याच विद्यापीठाचे माजी खेळाडू, पुढे बेसबॉल प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक. नाव त्यांचं लागलं, पण नावलौकिक मिळवून दिला तो कुंपणाबाहेर बसणाऱ्यांनी.

साठचं दशक संपता संपता विद्यार्थी आणि गावकरी आपापले पिकअप ट्रक मागे घेत थेट लेफ्ट फील्डच्या कुंपणाला आणून लावू लागले. (क्रिकेटच्या हिशेबात उजव्या फलंदाजाची मिडविकेटची सीमारेषा समजा.) ट्रकच्या हौद्यात खुर्च्या, बर्फाच्या पेटीत बिअर, शेजारी धगधगती शेगडी. भाजणाऱ्या मांसाचा धूर मैदानात, आणि पाहुण्या संघाच्या लेफ्ट फील्डरच्या पाठीवर डावामागून डाव टोमण्यांचा मारा. या जागेला 'लेफ्ट फील्ड लाउंज' म्हणू लागले. पुढे ट्रकांच्या जागी ट्रेलरवर ठोकलेली लाकडी मचाणं आली. जागा बापाकडून मुलाकडे जाऊ लागल्या, तेव्हा विद्यापीठालाही नियम करणं भाग पडलं.

गर्दीला साजेसा खेळ आणला रॉन पोक यांनी. १९७६मध्ये ते प्रशिक्षक म्हणून आले. त्यांच्या १९८५च्या संघात विल क्लार्क आणि राफाएल पाल्मेरो होते. दोघेही नंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगमध्ये, गाजले. हा संघ ओमाहा शहरातल्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विद्यापीठांच्या राष्ट्रीय विजेतेपद स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, पोचला, विजेतेपद मात्र हुकलं. १९८९मध्ये फ्लोरिडाविरुद्धच्या सामन्याला १४,९९१ प्रेक्षक आले. आज स्टेडियमच्या नावात देणगीदार डिमेंट यांच्या जोडीने पोक यांचंही नाव आहे.

२०१९पर्यंत सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर खर्चून मैदानाची जवळजवळ नव्याने उभारणी झाली. जुनी मचाणं गेली, पण लाउंज हटवण्याचा शहाणपणा कुणी केला नाही, हे बरं झालं. तिथे पक्के, शेगड्यांची सोय असलेले कट्टे बांधले आणि त्यांच्यामागे मैदानाकडे गॅलऱ्या असलेले फ्लॅट. ट्रकच्या हौद्यातून फ्लॅटच्या गॅलरीत. प्रगती म्हणायची तर म्हणा.

३० जून २०२१ रोजी ओमाहात व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा ९-० असा धुव्वा उडवून संघाने विजेतेपद पटकावलं. कुठल्याही सांघिक खेळातलं विद्यापीठाचं हे पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. त्यानंतर संघाची घसरण झाली. तरीही १५ एप्रिल २०२३ रोजी, शेजारच्या ओल मिसविरुद्ध (म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध), विद्यापीठाच्या आवारातल्या बेसबॉल सामन्यासाठी विक्रमी १६,४२३ प्रेक्षक जमले. त्या मोसमात संघ राष्ट्रीय स्पर्धेला पात्रसुद्धा ठरला नाही.