जुन्या रॅममधलं सोनं: निघतं, पण किती आणि कसं?

"मावशी, नायट्रिक अ‍ॅसिड कुठे मिळतं गं?"

बारावीतल्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत हे विचारलं, तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत कॉम्प्युटरच्या रॅमच्या अकरा पट्ट्या. दुरुस्तीच्या दुकानातून त्याने त्या भंगाराच्या भावात उचलल्या होत्या. मग मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक माणूस सर्किट बोर्डांचे तुकडे काचेच्या भांड्यात टाकतो, वरून काहीतरी ओततो, तांबूस धूर निघतो. पुढच्या दृश्यात हिरवंगार पाणी, त्याच्या पुढच्या दृश्यात तपकिरी गाळ, आणि शेवटी मुशीतून ओतलेला सोन्याचा झळझळीत मणी. सगळं दहा मिनिटांत.

मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवते. व्हिडिओतली रसायनं खोटी नव्हती, सोनं असंच निघतं. पण किती बोर्डांतून किती सोनं निघालं, धुराचं काय झालं आणि ते हिरवं पाणी कुठे गेलं, हे त्यात कुठेच नव्हतं. म्हणून आम्ही दोघं आधी कागद-पेन घेऊन बसलो.

रॅमच्या पट्टीची खालची कड पाहा. सोनेरी दातांची रांग दिसते. डीडीआर-३ जातीच्या पट्टीवर दोन्ही बाजू मिळून असे २४० दात असतात. प्रत्येक दात साधारण अडीच मिलिमीटर लांब आणि पाऊण मिलिमीटर रुंद. सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून साडेचार चौरस सेंटिमीटर. सोन्याचा थर अर्धा मायक्रॉन धरू, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. सोन्याची घनता १९.३, म्हणजे एका घन सेंटिमीटरचं वजन १९.३ ग्रॅम. गुणाकार केला की एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम एक मिलिग्रॅम सोनं येतं. एका पट्टीवर साडेचार मिलिग्रॅम, अकरा पट्ट्यांवर पन्नास. सराफाची जुनी गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची, म्हणजे भाच्याच्या पिशवीत अर्धी गुंजसुद्धा नव्हती.

इतका पातळ थर तरी कशाला देतात? कारण तांबं हवेत काळवंडतं, आणि काळवंडलेल्या जोडातून बारीक विद्युतसंकेत नीट जात नाहीत. सोनं काळवंडत नाही. पण सोनं थेट तांब्यावर चढवलं तर तांब्याचे अणू हळूहळू सोन्यातून झिरपत वर येतात, म्हणून मध्ये निकेलचा थर असतो. वर वर्खासारखं सोनं, खाली निकेल, त्याखाली तांबं, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी काचतंतू व राळेची हिरवी पाटी. ही उतरंड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"पण मावशी, ई-कचऱ्यात खाणीपेक्षा जास्त सोनं असतं म्हणतात ना?" असतं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा २००६ सालचा हिशेब आहे: दहा लाख मोबाइल फोनांत ३४ किलो सोनं, ३५० किलो चांदी आणि १६ टन तांबं. फोन शंभर ग्रॅमचा धरला तर टनभर फोनांतून ३४० ग्रॅम सोनं आलं. खाणीतल्या टनभर खडकात पाच ग्रॅम मिळाले तरी ती चांगली खाण समजतात. टोकियो ऑलिंपिकसाठी जपानने २०१७ ते २०१९ या काळात लोकांकडून जवळपास ७९ हजार टन जुनी उपकरणं गोळा केली, त्यांत ६२ लाखांवर मोबाइल होते. त्यातून ३२ किलो सोनं काढून त्यांनी पदकांसाठी वापरलं. हे सगळं खरं आहे. पण 'कचऱ्यातली सोन्याची खाण' असं म्हणताना टन हे एकक गळून पडतं, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घरातला एक जुना फोन येतो. त्या एका फोनात ३४ मिलिग्रॅम सोनं, आणि त्याच फोनात १६ ग्रॅम तांबं. सोन्याच्या जवळपास पाचशेपट.

आता माझा आवडता भाग.

कोणता धातू किती सहज रासायनिक क्रिया करतो, त्या क्रमाला क्रियाशीलता श्रेणी म्हणतात. शाळेच्या पुस्तकातल्या या श्रेणीत सोनं अगदी तळाशी असतं. आम्लराजाबद्दलही दोन ओळी असतात: संहत हायड्रोक्लोरिक आम्ल तीन भाग आणि संहत नायट्रिक आम्ल एक भाग, या मिश्रणात सोनं विरघळतं. विद्यार्थी ते पाठ करतात. पण एकट्या नायट्रिकमध्ये सोनं विरघळत नाही, एकट्या हायड्रोक्लोरिकमध्येही नाही, मग दोघं एकत्र आली की असं काय होतं, हे फार कुणी विचारत नाही.

धातू विरघळायचा म्हणजे त्याच्या अणूने इलेक्ट्रॉन सोडायचे. सोन्याला इथे तीन सोडावे लागतात. नायट्रिक आम्ल इलेक्ट्रॉन ओढून घेण्यात पटाईत आहे, पण सोनं त्याला दाद देत नाही. एखाददुसरा अणू सुटलाच, तरी त्याला इलेक्ट्रॉनांची ओढ इतकी जबर की तो लगेच ते परत मिळवून धातूत जाऊन बसतो. पंढरपूरची दर्शनबारी आठवा. गाभाऱ्यातला माणूस दुसऱ्या दाराने बाहेर पडला तरच मागचा आत सरकतो. बाहेरचं दार बंद असेल तर रांग कितीही मोठी असो, जागची हलत नाही. एकट्या नायट्रिकमध्ये हे बाहेरचं दार बंद असतं.

ते उघडायचं काम हायड्रोक्लोरिक आम्ल करतं. त्यातले क्लोराइड आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू) सोन्याच्या धातूला हातही लावत नाहीत. पण सोन्याचा आयन सुटा झाला रे झाला, की चार क्लोराइड त्याला चार बाजूंनी घेरतात. मध्ये सोनं आणि चार कोपऱ्यांवर चार क्लोरीन, असा सपाट चौकोन तयार होतो. त्या चौकोनातलं सोनं सहजी परत फिरत नाही. दार उघडलं, रांग सरकू लागली.

हे आकड्यांत बघायला मला फार आवडतं. पदार्थ इलेक्ट्रॉन किती जोराने ओढतो ते व्होल्टमध्ये मोजता येतं. सुट्या सोन्याच्या आयनाची ओढ साधारण १.५० व्होल्ट. नायट्रेटची ०.९६. त्यामुळे रस्सीखेचीत नायट्रेट हरतं. क्लोराइडांनी वेढलेल्या सोन्याची ओढ मात्र १.०० व्होल्टवर उतरते. ०.९६ हे अजूनही कमीच आहे, पण हे आकडे ठरावीक प्रमाण तीव्रतेच्या द्रावणाचे असतात. आम्ल संहत असलं आणि विरघळलेलं सोनं थोडं असलं की पारडं फिरतं. शिवाय दोन आम्लं एकत्र येताच क्लोरीन तयार होतो, त्याची ओढ १.३६ व्होल्ट. म्हणजे १.५०ला तोही पुरा पडला नसता, पण १.००ला सहज पुरतो.

हा अर्ध्या व्होल्टचा फरक किती मोठा आहे? तीन इलेक्ट्रॉनांच्या हिशेबाने गणित केलं, तर एकावर पंचवीस शून्यं इतक्या पटीने तोल चौकोनाच्या बाजूला झुकतो. समजा एका लिटरमध्ये १९७ ग्रॅम सोनं विरघळवलं. त्यात सोन्याचे अणू असतील सहावर तेवीस शून्यं इतके. द्रावणात क्लोराइड पुरेसं असेल, तर त्या अख्ख्या लिटरमध्ये कोणत्याही एका क्षणी सोन्याचा एकसुद्धा उघडा आयन सापडण्याची शक्यता दहात एकही नाही. क्रियाशीलता श्रेणीच्या तळाशी बसलेलं सोनं द्रावणात उतरतं ते या चार क्लोराइडांमुळे.

उलटा प्रवासही होतो. एप्रिल १९४०मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या, तेव्हा तिथल्या भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या शास्त्रज्ञांची नोबेल पदकं ठेवलेली होती. जर्मनीतून सोनं बाहेर पाठवणं हा जर्मन कायद्याने मोठा गुन्हा होता आणि पदकांवर नावं कोरलेली होती. बोर यांच्या संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी ती आम्लराजात विरघळवली आणि ते द्रावण फळीवर ठेवून दिलं. युद्ध संपल्यावर ते तसंच सापडलं. त्यातून सोनं परत काढून स्वीडनला पाठवलं, आणि पदकं पुन्हा घडवली गेली.

पण हेवेशींच्या भांड्यात जवळपास शुद्ध सोनं होतं. भाच्याच्या पिशवीत ती उतरंड होती. आम्लराज पट्टीवर ओतलं की वरचं सोनं विरघळतं खरं, पण लगेच खालचं निकेल आणि तांबं उघडं पडतं. तांबं इलेक्ट्रॉन द्यायला तयारच असतं. द्रावणातलं सोनं ते इलेक्ट्रॉन घेतं आणि परत धातू होऊन तांब्यावरच जाऊन बसतं. शिकाऊ माणसाला वाटतं सोनं आता पाण्यात आहे, आणि ते असतं तळाशी, अर्धवट विरघळलेल्या कचऱ्यात. त्यात बोर्डावरचे भाग जोडणाऱ्या डाखाचं कथिल नायट्रिक आम्लात पांढरट चिकट गाळ होतं आणि गाळणकागद तुंबवून टाकतं. जाणकार म्हणूनच आधी तांबं वेगळं काढतात, सोनं शेवटी.

आता तो तांबूस धूर. तो नायट्रोजन डायऑक्साइड. संहत नायट्रिक आम्लात शंभर ग्रॅम तांबं विरघळवलं की सुमारे १४५ ग्रॅम हा वायू निघतो. ही घरातली गोष्टच नव्हे, आणि इथे मी भाच्याला आवाज चढवून सांगितलं. हा वायू हुंगल्यावर थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, मग बरं वाटतं. माणूस जेवतो, झोपतो. आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. गॅलरीत उभं राहिलं, तोंडाला रुमाल बांधला, खिडकी उघडी ठेवली, यातल्या कशानेही तो अडत नाही. कोविडच्या वेळचा मास्क धुळीसाठी, वायूसाठी नाही. काही जण आम्ल टाळून बोर्ड जाळतात. त्यात शिसं, ब्रोमीनयुक्त अग्निरोधकं आणि त्यांच्यापासून होणारी डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं हवेत जातात. दिल्लीचं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद, चीनमधलं ग्वेयू, घानातलं अगबोगब्लोशी या जागा अशाच कामामुळे जगभर माहीत झाल्या, आणि तिथे हे काम करणारी माणसं हौस म्हणून ते करत नव्हती.

सोन्याशी आम्लाचा खेळ आपल्याकडे नवा नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले देशभरच्या सराफ बाजारांत भट्ट्या चालवतात. जुने दागिने चांदीत वितळवून सोनं मिश्रणाच्या चौथाईवर आणायचं, मग ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळायचं. चांदी विरघळून जाते, खाली चोख सोन्याची तपकिरी भुकटी राहते. पण त्यांच्या मुशीत तीन-चार ओळखीचे धातू असतात, एका बोर्डात डझनावारी. आणि गलाईतसुद्धा धूर हा त्या धंद्यातला जुना दुखरा भाग आहेच.

याच रसायनावर फसवणुकीचे दोन धंदे चालतात. दारावर येऊन 'बांगड्या उजळून देतो' म्हणणाऱ्याच्या वाटीत आम्लराज असू शकतं. बांगडी उजळते, कारण वरचा थर वाटीत उतरलेला असतो. वजन केल्यावर कळतं, तोवर तो गल्ली ओलांडून गेलेला असतो. दुसरे, तांब्याचं सोनं करून दाखवणारे बुवा. सोन्याच्या द्रावणात तांब्याचं नाणं बुडवलं की वर सांगितलेल्या अदलाबदलीने ते सोनेरी दिसू लागतं. तांब्याच्या अणुकेंद्रात २९ प्रोटॉन, सोन्याच्या ७९. आम्लं, मुळ्या, मंत्र यांतलं काहीही अणुकेंद्रापर्यंत पोचत नाही. ही विद्या शिकायला म्हणून पैसे मागणारा माणूस दिसला तर सरळ पोलिसांत जावं.

चांगली बातमीही आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४मध्ये चीज करताना उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांपासून स्पंजसारखा हलका पदार्थ बनवला. विरघळलेल्या धातूंमधून तो सोन्याचे आयन निवडून धरतो. वीस मदरबोर्डांपासून त्यांना ४५० मिलिग्रॅमचा गोळा मिळाला, ९१ टक्के सोनं, बाकी बहुतेक तांबं, म्हणजे आपलं बावीस कॅरेट. ही बातमी 'पनीरच्या पाण्यातून सोनं' अशी फिरली. पण बोर्ड आधी आम्लातच विरघळवावे लागले होते. आणि त्याच हिशेबाने दहा ग्रॅमच्या तोळ्याला साडेचारशेच्या आसपास मदरबोर्ड लागतील.

जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्सासुद्धा रीतसर पुनर्प्रक्रियेला गेला नाही. भारतात १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या नियमांनुसार हे काम फक्त नोंदणीकृत कारखान्यांनी करायचं आहे. तिथे धूर आम्ल मारणाऱ्या अल्कधर्मी पाण्याच्या मनोऱ्यातून धुऊन काढता येतो, आणि हिरव्या पाण्यातलं तांबंही परत मिळवता येतं.

अकरा पट्ट्यांचं काय झालं ते सांगते. मी भाच्याला म्हटलं, हे दात सोन्याचे केलेत ते खराब होऊ नयेत म्हणून, मग पट्ट्या खराब झाल्यात हे कुणी ठरवलं? त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बोळा बुडवून दात पुसले. खोडरबर घेत होता, ते मी काढून घेतलं, कारण त्याने तो अर्धा मायक्रॉनचा थर झिजतो. मग एकेक पट्टी जुन्या कॉम्प्युटरमध्ये लावून पाहिली. सहा चालल्या. त्यातल्या दोन आता शेजारच्या मुलीच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, आणि तो पूर्वी चालू व्हायला जेवढा वेळ घ्यायचा त्याच्या निम्म्या वेळात चालू होतो.