इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि जुन्या मोटारी (नागपूर)

कार्ब्युरेटर (हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग) असलेल्या जुन्या मोटारी ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर चालवताना उद्भवणारे प्रश्न व त्यांवरील उपाय. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर, स्टँडर्ड हेरल्ड या गाड्या येथे प्रामुख्याने अभिप्रेत आहेत.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा भारतातील आरंभ कोठून धरावा, याबद्दल मतभेद आहेत. सामान्यतः मिरज, मनमाड व बरेली येथील २००१ चे प्रायोगिक प्रकल्प पहिले मानतात. काहीजण २००३ मध्ये नऊ राज्यांत लागू झालेला ५ टक्क्यांचा टप्पा खरा आरंभ धरतात. तथापि इंधन म्हणून वापरायच्या अल्कोहोलविषयीचा ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ हा कायदा १९४८ चा असून तो २००० मध्ये रद्द झाला. ब्रिटनमध्ये तर ‘क्लीव्हलँड डिस्कॉल’ हे अल्कोहोलयुक्त पेट्रोल १९३० च्या दशकात पंपांवर मिळत असे. त्यामुळे ही कल्पना निदान स्वातंत्र्याच्या सुमाराइतकी जुनी मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ई-२० ची किरकोळ विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. नागपूरचे खासदार नितीन गडकरी इथेनॉलचे आग्रही पुरस्कर्ते आहेत. शहरात २०१४ मध्ये इथेनॉलवरील बसही धावली. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

इंजिनाच्या धातूपेक्षा रबर, कॉर्क व लाखेचे भाग आधी बिघडतात. इंधन-पंपाचा डायफ्राम (लवचीक पडदा) फुगतो, नळ्या मऊ पडून झिरपू लागतात. फार जुन्या कार्ब्युरेटरमधील कॉर्कच्या फ्लोटवर (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागावर) लाखेचा थर असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फ्लोट बोटाला चिकट लागतो आणि पेट्रोल पिऊन जड झाला की बुडतो. मग कार्ब्युरेटर ओसंडतो. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला राळेसारखा थरही सुटतो आणि जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, अडकतो. म्हणून पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदलावाच. नळ्या व डायफ्राम फ्लुओरोरबरचे (इंधनाला टिकणाऱ्या रबराचे) बसवावेत.

इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने हवा-इंधनाचे मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने इंधन कमी पडते. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ पट, त्यामुळे जाणता मिस्त्री जेट थोडा मोठा करतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज आहे. झडपांच्या बैठकी झिजण्याचा दोष मात्र इथेनॉलला देणे बरोबर नाही. तो शिसे काढल्याचा परिणाम असून शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० मध्येच बंद झाले.

नागपूरच्या उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. इंजिनाला खेटून बसवलेल्या यांत्रिक पंपाला हा त्रास पूर्वीही होताच. पंपावर ओले फडके ठेवण्याचा उपाय जुनाच आहे. इथेनॉलने त्यात भर पडते, परंतु सारा दोष त्याचा मानण्यास आधार कमी. नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा लावणे अधिक खात्रीचे.

पावसाळ्यात उभी राहणारी गाडी जास्त बिघडते. इथेनॉल हवेतील ओल शोषते. पाणी फार झाले की पाणी-अल्कोहोलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. टाकी भरलेली ठेवून गाडी अधूनमधून चालवावी.

पन्नास वर्षांवरील मोटारींना २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मिळते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल व इंधन भरणे यांसाठीच त्या रस्त्यावर आणता येतात.