थर सुटायला ऊर्जा किती लागते?

कार्बन फायबरचं लॅमिनेट, म्हणजे तंतूंचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेला पत्रा, तंतूंच्या दिशेने ओढलं, तर वजनाच्या मानाने ते पोलादालाही भारी पडतं. पण एका थरातून दुसऱ्यात जाणारा तंतू त्यात नसतो. मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढे ते थर, आणि त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं ते नुसतं रेझिन, म्हणजे घट्ट झालेलं प्लॅस्टिकसारखं चिकट द्रव्य. ठोका बसला किंवा भार वारंवार पडला की तडा याच सांध्यातून पळतो. बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही.

हा सांधा किती चिवट हे ठरवायला मोजायचं नेमकं काय, याचं उत्तर कार्बन फायबरच्या आधीचं आहे. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत ए. ए. ग्रिफिथने १९२०च्या सुमारास काचेवर काम करून दाखवलं, की तडा वाढायला नवा पृष्ठभाग तयार करण्याइतकी ऊर्जा लागते, आणि साठलेल्या ऊर्जेतून ती भागली की तो पुढे सरकतो. १९३०मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ ओब्रेइमोव्हने अभ्रकात काचेची पाचर सारली आणि सुटलेला पापुद्रा किती वाकला यावरून ती ऊर्जा काढली. माझ्या मते थर सुटण्याच्या आजच्या चाचणीचा खरा पूर्वज हाच प्रयोग. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत जॉर्ज अर्विनने या हिशेबाला इंजिनिअरांना वापरता येईल असं रूप दिलं. तडा तीन तऱ्हांनी वाढतो, उघडून, सरकून आणि फाटून, ही विभागणीही त्याचीच.

इंजिनिअरिंगला पुरेल असा मजबूत कार्बन फायबर १९६०च्या दशकात तयार झाला, आणि त्यातही फार्नबरोचा मोठा वाटा होता. रोल्स-रॉइसने आरबी२११ इंजिनाच्या पंख्याची पाती त्याची केली. १९७०मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि टायटॅनियमकडे वळावं लागलं. फेब्रुवारी १९७१मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. त्याचं सगळं खापर पात्यांवर फोडणं बरोबर नाही, खर्चाचा हिशेबच हाताबाहेर गेला होता. तरी ओढून पाहिलेली ताकद आघाताबद्दल काही सांगत नाही, हे सगळ्यांना कळलं. पाती फसली त्याच वर्षी, १९७०मध्ये, पाइप्स आणि पगानो या संशोधकांनी गणिताने दाखवलं, की पट्टी नुसती सरळ ओढली तरी तिच्या कडेला थरांना अलग करणारे ताण उभे राहतात.

मग नासाचं लँगली केंद्र आणि इतरांनी चाचण्या रचायला घेतल्या. उघडणाऱ्या तड्याची चाचणी दिसायला अगदी साधी आहे. साधारण १२५ मिमी लांब, २० ते २५ मिमी रुंद पट्टी. तिच्या मधल्या सांध्यात एका टोकाला टेफ्लॉनसारखी फिल्म आधीच घातलेली, म्हणजे तिथे थर चिकटतच नाहीत. त्या टोकाला वर-खाली बिजागऱ्या चिकटवायच्या आणि मिनिटाला १ ते ५ मिमी वेगाने ओढायचं. कड पांढरी रंगवायची, टायपिंगच्या चुका झाकायचं पांढरं फ्लुइड त्यासाठी उत्तम, आणि त्यावर मिलिमीटरच्या खुणा करून तड्याचं टोक भिंगातून पाहत बसायचं.

खरी डोकेदुखी बारीकसारीक गोष्टींची. फिल्म जाड असली की तिच्यापुढे रेझिनचा थेंब साठतो आणि ऊर्जेचा आकडा फुगतो, म्हणून १३ मायक्रॉनची मर्यादा आली. सगळे तंतू एकाच दिशेचे असले, की काही तंतू तड्याच्या दोन्ही काठांना धरून राहतात आणि तडा जसा पुढे जाईल तसं साहित्य अधिकाधिक चिवट असल्याचा भास होतो. प्रत्यक्ष भागात, जिथे थर वेगवेगळ्या कोनांत रचलेले असतात, या आधारावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून तडा सुरू होतानाचाच आकडा धरायचा, असं ठरलं. अमेरिकी मानक संस्था एएसटीएमचं या चाचणीचं मानक डी५५२८ निघायला १९९४ उजाडलं आणि आंतरराष्ट्रीय संस्था आयएसओचं २००१मध्ये आलं. मिश्र भाराचं, म्हणजे तडा एकाच वेळी उघडतो आणि सरकतो त्याचं, अमेरिकी मानकही २००१चंच.

सरकणाऱ्या तड्याने सगळ्यात जास्त छळलं. त्यासाठी पट्टी तीन टेकूंवर वाकवायची ही युक्ती लाकडाच्या चाचण्यांतून १९७०च्या दशकात आली होती. पण तडा हळूहळू न जाता एकदम धावतो, आणि काठ एकमेकांवर घासतात ते निराळंच. त्याचं एएसटीएमचं मानक त्यामुळे २०१४पर्यंत लांबलं.