आईला काय ठाऊक नाही, हे मुलाला ठाऊक असतं

‘लहान मुलं आपल्याच तंद्रीत बोलतात, ऐकणाऱ्याचं त्यांना भान नसतं’ हा समज अजून टिकून आहे. त्यामागे जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये मांडलेली ‘आत्मकेंद्री भाषे’ची कल्पना आहे. माणूस मोठा, पण इथे त्याने मुलांना फारच कमी लेखलं.

१९७३ मध्ये मॅरिलिन शॅट्झ आणि रोशेल गेलमन या मानसशास्त्रज्ञांनी चार वर्षांच्या मुलांना एक खेळणं समजावून सांगायला लावलं. मोठ्यांशी लांब, गुंतागुंतीची वाक्यं बोलणारी हीच मुलं दोन वर्षांच्या पोरांशी बोलताना आखूड, सोपी वाक्यं वापरू लागली. ज्यांना धाकटं भावंड नव्हतं, तीसुद्धा!

मला खरी भुरळ घातली ती मानसशास्त्रज्ञ डॅनिएला ओनील यांच्या १९९६ च्या प्रयोगाने. त्यातली मुलं सरासरी दोन वर्षं सात महिन्यांची. मुलाला नवं खेळणं दाखवायचं आणि त्याच्यादेखत ते उंच फळीवरच्या दोनपैकी एका डब्यात ठेवायचं. हात पोचत नाही, म्हणजे आईची किंवा बाबांची मदत घेणं आलंच. कधी पालकांनी हे सगळं पाहिलेलं असे, तर कधी ते खोलीबाहेर असत किंवा डोळे-कान झाकून बसलेले असत. पालकांनी पाहिलेलं नसेल, तेव्हा मुलं खेळण्याचं नाव, त्याची जागा जास्त वेळा सांगत आणि डब्याकडे बोटही जास्त वेळा दाखवत.

मग दुसऱ्याच्या मनात काय आहे हे या वयात कळतं का? इथे जपून बोलायला हवं. दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते, हे ओळखण्याच्या नेहमीच्या चाचण्या मुलं साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास पार करतात. ओनील यांनी सुचवलेलं स्पष्टीकरण साधं आहे: आत्ता घडलं ते माझ्यासोबत कोणी अनुभवलं, एवढी नोंद मूल ठेवतं आणि जो त्यात नव्हता त्याला सांगतं. ‘तिला माहीत नाही’ असा विचार न करताही ‘ती तेव्हा नव्हती’ एवढ्यावर काम भागतं.

या नोंदीची मर्यादा फोनवर दिसते. आजी विचारते, “जेवलास का?” आणि नातू नुसती मान डोलावतो. आजी बोलण्यात सामील आहे, फक्त तिला दिसत नाही. हा फरक त्या नोंदीत बसत नाही.

‘दोन भाषांनी मूल गोंधळतं’ हा आणखी एक निराधार समज. माँट्रियलमधल्या इंग्रजी-फ्रेंच घरांतली दोन वर्षांची मुलं आईशी आईची आणि बाबांशी बाबांची भाषा जास्त वापरताना आढळली आहेत. आपल्याकडेही कितीतरी घरांत आईला “दे ना” म्हणणारं पोर वळून आजोबांना “द्या ना” म्हणतं.