ही मोट कुणी बांधली? डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि मधे अडकलेली आपली मतं

अमेरिकेच्या सिटिझनशिपची शपथ झाली, हातात सर्टिफिकेट आलं, आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं तर मतदार नोंदणीचा फॉर्म काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. न्यू जर्सीच्या फॉर्ममध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं भरून झाल्यावर एक प्रश्न येतो, की तुम्हाला एखाद्या पक्षात नाव नोंदवायचंय का, आणि असेल तर कुठल्या. सक्तीचा नाहीये तो, पण माझं पेन तिथे अडकलं ते अडकलंच.

कारण मी प्रामाणिकपणे विचार करायला बसले तर माझी मतं काही एका बाजूला पडत नाहीत. बंदुकांवर कडक नियम हवेत असं मला मनापासून वाटतं, अबॉर्शनचा निर्णय त्या बाईचा आणि तिच्या डॉक्टरचा असं वाटतं, पण त्याच वेळी छोटा धंदा करणाऱ्याच्या मानेवर करांचं ओझं नको, शाळेत परीक्षा आणि मार्क यांना किंमत हवी, आणि सीमेवरचा कायदा आहे तर तो पाळला जावा असंही वाटतं. आता यातली पहिली दोन डेमोक्रॅटांची आणि पुढची तीन रिपब्लिकनांची, असं मला सगळे सांगतात. मग मला प्रश्न पडला की ही विभागणी केली कुणी? बंदूक आणि इन्कम टॅक्स यांचा एकमेकांशी संबंध काय? म्हणून मागे जाऊन वाचायला लागले, आणि जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण आपल्यातले बरेच जण याच फॉर्मपाशी अडकलेत हे मला माहितेय.

सुरुवातीला तर पक्षच नको होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ साली निरोपाच्या पत्रात पक्षबाजीबद्दल स्पष्ट इशारा दिला होता, पण तोवर त्यांच्याच सरकारात मंत्री राहिलेले हॅमिल्टन आणि जेफरसन यांचे दोन तट पडलेलेच होते. आजचा डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला १८२८ च्या आसपास, अँड्र्यू जॅक्सन यांच्याभोवती. रिपब्लिकन पक्ष त्यानंतर पाव शतकाने, १८५४ मध्ये, कारण कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी केली आणि त्याच्या विरोधात उत्तरेतले लोक एकत्र आले. म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा जन्मच गुलामगिरीचा फैलाव थांबवायला झालाय, सहा वर्षांत लिंकन निवडून आले, आणि यादवी युद्ध संपल्यावर गुलामगिरी बंद करणारी, नागरिकत्व देणारी, मताचा हक्क देणारी अशा तीन घटनादुरुस्त्या १८६५ ते १८७० मध्ये याच पक्षाच्या जोरावर झाल्या. दक्षिणेतले गोरे लोक त्या रागाने पुढची जवळजवळ शंभर वर्षं डेमोक्रॅट राहिले.

इथे मी पहिल्यांदा थबकले. आज आपण ज्या पक्षाला जे समजतो त्याच्या बरोबर उलट चित्र आहे हे, आणि ते एका दिवसात फिरलेलं नाही, ते फिरायला कितीतरी दशकं लागली.

पहिला मोठा धक्का महामंदीचा. १९३२ मध्ये डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, न्यू डील ही त्यांची सरकारी मदतीची मोहीम आली, १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनचा, कायदा झाला, आणि डेमोक्रॅट म्हणजे सरकारने माणसाला हात द्यायचा अशी ओळख तिथून घट्ट झाली. काळे मतदार तोपर्यंत लिंकनच्या पुण्याईवर रिपब्लिकनांना मत देत होते. पिट्सबर्गमध्ये रॉबर्ट व्हॅन नावाचे काळ्यांच्या एका मोठ्या वर्तमानपत्राचे संपादक होते, त्यांनी १९३२ मध्ये भर सभेत सांगितलं की घरी जा आणि भिंतीवरची लिंकनची तसबीर उलटी करून ठेवा, ते ऋण आता पूर्ण फिटलं. मला हे वाक्य वाचून एकदम माझ्या आजीचं घर आठवलं, तिथल्या भिंतीवरच्या तसबिरी, आणि त्यातली एक उलटी करायची म्हणजे घरात केवढं काहूर उठलं असतं ते. १९३६ पर्यंत काळ्या मतदारांचं बहुमत रूझवेल्टच्या मागे गेलं होतं. पण बघा, त्याच पक्षात दक्षिणेतले वर्णभेद टिकवू पाहणारे खासदारही होते, आणि सोशल सिक्युरिटीच्या मूळ कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळलेले होते, म्हणजे दक्षिणेतले बहुतेक काळे कामगारच बाहेर. उत्तरेतले कामगार, शहरातले कॅथलिक, काळे मतदार आणि दक्षिणेतले वर्णभेदवाले, सगळे एका पक्षात. आपल्याकडे आवळ्याची मोट म्हणतात ती हीच.

ही मोट कशी सुटली ते एका माणसाच्या आयुष्यात बघता येतं, स्ट्रॉम थरमंड. साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर, डेमोक्रॅट. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी आणि पक्षाने काळ्यांच्या नागरी हक्कांची बाजू घेतली, तर हे चिडून बाहेर पडले, वेगळा पक्ष काढून राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि दक्षिणेतली चार राज्यं जिंकले. मग परत डेमोक्रॅट म्हणून सिनेटमध्ये आले, १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं सलग बोलत उभे राहिले. आणि १९६४ च्या सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन झाले. त्यांची मतं काही त्या दिवशी बदलली नव्हती, पक्षाचं नाव बदललं.

१९६४ हे वर्ष मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून इथे जरा थांबते. वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सिनेटमध्ये अंतिम मतदान झालं तेव्हा ७३ बाजूने आणि २७ विरुद्ध. विरोधातल्या २७ पैकी २१ डेमोक्रॅट आणि फक्त ६ रिपब्लिकन! बाजूने ४६ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन. म्हणजे टक्केवारीत बघितलं तर रिपब्लिकनांनी जास्त पाठिंबा दिला, त्यांचे सिनेटमधले नेते डर्कसन यांच्याशिवाय तो कायदा पास झालाच नसता. पण सही केली डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी, आणि विरोध करणाऱ्या त्या सहांमध्ये एक होते बॅरी गोल्डवॉटर, जे त्याच वर्षी रिपब्लिकनांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. ते आपटले सपाटून, पण जी सहा राज्यं जिंकले त्यातलं एक त्यांचं स्वतःचं ॲरिझोना आणि बाकी पाच थेट दक्षिणेतली. आणि त्याच निवडणुकीत व्हरमाँट, जे १८५६ पासून दर निवडणुकीत रिपब्लिकन होतं, ते पहिल्यांदा डेमोक्रॅट झालं. सगळा नकाशाच फिरायला लागला तिथून.

तरीही मतांची आजची वाटणी तेव्हा झालेली नव्हतीच, आणि हाच भाग लोकांना माहीत नसतो. पर्यावरणाची सरकारी संस्था ईपीए १९७० मध्ये सुरू केली ती राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी, रिपब्लिकन. कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड घेऊन फिरायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर १९६७ मध्ये सही केली गव्हर्नर रेगन यांनी, तेही रिपब्लिकन (आणि स्वतः १९६२ पर्यंत डेमोक्रॅट). ब्लॅक पँथर्स या काळ्यांच्या जहाल संघटनेचे लोक बंदुका घेऊन गस्त घालत होते म्हणून तो कायदा आला, ती वेगळी कहाणी आहे, पण सही त्यांची आहे. अबॉर्शनचा हक्क मान्य करणारा रो खटल्याचा निकाल सुप्रीम कोर्टात १९७३ मध्ये ७ विरुद्ध २ असा लागला, तो लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांना निक्सननी नेमलेलं, आणि विरोधात गेलेल्या दोघांपैकी एक डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नेमलेले. आज हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

उलट १९५० मध्ये राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने एक मोठा अहवाल काढला होता आणि त्यात तक्रार काय, तर दोन्ही पक्ष फारच सारखे आहेत, मतदाराला नीट निवडच मिळत नाही! आज आपण बरोबर उलटी तक्रार करतो.

मग गाठी आवळल्या कधी? १९६८ ला शिकागोत डेमोक्रॅटांच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर मारहाण झाली आणि आत उपराष्ट्राध्यक्ष हम्फ्री यांना उमेदवारी मिळाली, एकही प्रायमरी (पक्षाचा उमेदवार निवडायची मतदारांची निवडणूक) न लढवता. त्या संतापातून नियम बदलले आणि १९७२ पासून उमेदवार ठरवायचा अधिकार प्रायमरीतल्या मतदारांकडे गेला. हे चांगलंच झालं, पण प्रायमरीला येतात कोण, तर ज्यांची मतं सगळ्यात तिखट ते, आणि उमेदवार त्यांच्याकडे सरकत गेले असं मला वाटतं. १९८० मध्ये रेगन यांच्यामागे चर्चवाले, उद्योजक आणि कम्युनिस्टविरोधी अशी नवी मोट बांधली गेली, त्याच वर्षी रिपब्लिकनांच्या जाहीरनाम्यात अबॉर्शनविरोधी घटनादुरुस्तीला उघड पाठिंबा आला. १९९४ मध्ये गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखाली ४० वर्षांनी हाउस, म्हणजे संसदेचं खालचं सभागृह, रिपब्लिकनांच्या हाती आलं, आणि दक्षिणेचं पक्षांतर पुष्कळसं पूर्ण झालं. लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट हे रंग तर २००० च्या निवडणुकीत टीव्हीवर पक्के झाले, त्याआधी चॅनेलगणिक वेगळे असायचे.

व्यापाराचंही तेच. कॅनडा आणि मेक्सिकोबरोबरचा नाफ्ता हा मुक्त व्यापाराचा करार १९९३ मध्ये हाउसमध्ये पास झाला तेव्हा बाजूने १३२ रिपब्लिकन आणि १०२ डेमोक्रॅट, सही क्लिंटन यांची. २०१६ मध्ये त्याच कराराला शिव्या देत ट्रम्प रिपब्लिकनांचे उमेदवार झाले आणि जिंकले.

आता आपल्या लोकांचं. मंडळाच्या दिवाळीत एक काका भेटतात, सत्तरच्या दशकात आलेले, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, यात विचार काय करायचा, ज्यांनी आपल्याला इथे येऊ दिलं त्यांना मत दे." मी म्हटलं, "काका, तेच तर बघतेय, पण दोघांनी येऊ दिलंय हो." १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला १०० जणांचा कोटा होता, फक्त शंभर. तो देशवार कोटा मोडला १९६५ च्या कायद्याने, जॉन्सननी स्टॅच्यू ऑफ लिबर्टीपाशी सही केली, म्हणून काका डेमोक्रॅट. पण सिनेटमध्ये त्याला झालेला बहुतेक विरोध दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांचाच होता. आणि माझ्या नवऱ्याचा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, ज्या कायद्यातून आला तो १९९० चा, सही थोरल्या बुशची, रिपब्लिकन, आणि मांडणाऱ्यांत पुढे सिनेटर टेड केनेडी, डेमोक्रॅट. त्याच कायद्यात एका देशाला ७ टक्क्यांच्या वर ग्रीन कार्ड नाही ही मर्यादा पण आहे, जिच्यामुळे आम्ही इतकी वर्षं रांगेत काढली. व्हिसा आणि रांग, दोन्ही एकाच कागदावरून आलेले. काका ऐकून घेत होते, मग म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

तिसरा पक्ष का नाही हा प्रश्न मला भारतातून फोनवर सगळे विचारतात. जवळजवळ सगळ्या राज्यांत ज्याला सर्वात जास्त मतं त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष ठरतो तो याच मतांवर), बाकीच्यांना काहीच नाही. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं पडली आणि इलेक्टोरल मत एकही नाही. एवढी मतं वाया जातात हे बघितल्यावर लोक परत दोघांतल्या एकाकडे जातात. आपल्याकडेही मतदारसंघात जास्त मतांचाच जिंकतो, पण आपल्याकडे पक्ष राज्याराज्यांत वेगळे आणि निकालानंतर युती करता येते, इथे ती मोट निवडणुकीच्या आधी पक्षाच्या आतच बांधावी लागते. म्हणून करांवाला आणि चर्चवाला एकत्र, युनियनवाला आणि पर्यावरणवाला एकत्र, भले त्यांचं आपसात पटो न पटो.

गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत अलीकडे ४० टक्क्यांहून जास्त लोक स्वतःला इंडिपेंडंट म्हणवतात, त्यातले बरेचसे कुठेतरी झुकलेले असतात तो भाग निराळा.

तर फॉर्म. मी आता करांचा प्रश्न वेगळा, बंदुकांचा वेगळा, शाळेचा वेगळा असं एकेका कागदावर लिहून त्या त्या जागेचा उमेदवार काय म्हणतो ते बघतेय, कारण शाळेचं बोर्ड, टाउनशिप आणि सिनेट ही तीन वेगळी कामं आहेत. पक्षाच्या प्रश्नापुढे "नाही" वर खूण केली. न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नाव नसलं तरी जूनच्या प्रायमरीच्या दिवशी मतदान केंद्रावर पक्ष सांगून मत देता येतं, मात्र मग त्या पक्षात नाव लागतं, आणि नंतर ते बदलायचं असेल तर पुढच्या प्रायमरीच्या ५५ दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो. टेक्सस, व्हर्जिनिया, मिशिगन इथे राहणाऱ्यांना नोंदणी करताना पक्ष विचारतच नाहीत, त्यामुळे तिकडच्या मैत्रिणींनी या प्रश्नाची काळजी करू नये.